टी-टेस्ट लावायची की मान-व्हिटनी? कांद्याच्या आकड्यांवरून समजून घ्या

मोबाईलवर गुगल शीट्स उघडायचं, दोन कॉलम भरायचे आणि टी-टेस्टचा फॉर्म्युला टाकायचा, इतकं सोपं झालंय आता. पण ही चाचणी आपल्या डेटाला चालते का, हे शीट सांगत नाही. ते आपणच बघायचं असतं.

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि जिल्ह्यात कांदाही भरपूर. समजा, प्रोजेक्टसाठी तुम्ही 10 शेतांतलं कांद्याचं एकरी उत्पादन टनांत लिहून घेतलं (आकडे काल्पनिक आहेत):

ठिबक: 6, 7, 8, 9, 10
पाटपाणी: 4, 5, 5.5, 6.5, 24

सरासरी काढली तर ठिबक 8 आणि पाटपाणी 9. म्हणजे पाटपाणी भारी? नाही, ही एकट्या 24 ची करामत आहे. मधला आकडा बघा: ठिबक 8, पाटपाणी 5.5.

फरक काय?

टी-टेस्ट पॅरामेट्रिक आहे. ती सरासरीवर चालते आणि डेटा साधारण घंटेच्या आकाराचा आहे असं धरून चालते. मान-व्हिटनी (1947) नॉनपॅरामेट्रिक आहे. ती फक्त क्रमांक बघते. तिच्यासाठी 24 म्हणजे 'पहिला नंबर', बस्स. तिथे 11 असते तरी निकाल तोच.

प्रत्येक ठिबक शेताची प्रत्येक पाटपाण्याच्या शेताशी तुलना केली तर 25 जोड्या होतात. त्यातल्या 19 जोड्यांत ठिबक पुढे आहे. मग ठिबक जिंकलं? थांबा. 5-5 शेतं असताना 5% पातळीवर फरक सिद्ध व्हायला किमान 23 जोड्या लागतात. एवढ्या डेटावर 'ठिबकच घ्या' असं सांगितलं आणि कुणी कर्ज काढलं, तर?

कधी काय निवडायचं?

- आकडे सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखे पसरलेत, टोकाचे नाहीत: टी-टेस्ट.
- रेटिंग, पसंतीक्रम, किंवा थोडा आणि एकीकडे कललेला डेटा: मान-व्हिटनी.
- त्याच शेतांचं आधी आणि नंतर: पेअर्ड टी-टेस्ट, नाहीतर विल्कॉक्सन.
- तीन किंवा जास्त गट: अनोव्हा, नाहीतर क्रुस्कल-वॉलिस.

24 सारखा आकडा दिसला की आधी शेतकऱ्याला परत विचारा. टायपिंगची चूक असेल तर दुरुस्त करा, खरा असेल तर उडवू नका.

आणि चाचणी आधीच ठरवा. दोन्ही लावून बघून सोयीचं उत्तर उचलणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.