येडशीचं बेट

पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, दरी भरली आणि १९१४च्या सुमारास एका डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर उरला. बारो कोलोरॅडो हे उष्णकटिबंधातलं बेट असं जन्माला आलं. आकार सुमारे १५ चौरस किलोमीटर. जंगल १९२३पासून राखीव, कुऱ्हाड बंद. तरीही तिथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या ४५ जाती १९७०पर्यंत नाहीशा झाल्याची नोंद पक्षिशास्त्रज्ञ एडविन विलिस यांनी केली. त्यातल्या बऱ्याच मोकळ्या झाडोऱ्यातल्या होत्या, जंगल दाटत गेलं तशा त्या गेल्या. पण दाट रानात राहणाऱ्या जातीही गेल्या, आणि खरा प्रश्न त्यांचा आहे.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही, पण बेट आहे. बालाघाटच्या डोंगरातलं येडशी-रामलिंग घाट अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. ते सुमारे २२ चौरस किलोमीटरचं, म्हणजे बारो कोलोरॅडोच्या जवळपास दीडपट. भोवती सोयाबीन, तूर, ज्वारी आणि जवळून जाणारा सोलापूर-धुळे महामार्ग. रावणाशी झुंजताना जटायू इथेच पडला अशी इथली श्रद्धा आहे आणि रामलिंगाच्या आवारात त्याची समाधी दाखवतात. पक्ष्याची समाधी जपणारं हे रान.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या जीवशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये बेटांचं गणित मांडलं. बेटावर किती जाती टिकतील हे त्याच्या आकारावर आणि मुख्य भूमीपासूनच्या अंतरावर ठरतं. लहान जागेत एखाद्या जातीच्या मोजक्याच जोड्या मावतात. एक कडक दुष्काळ पडला, दोन हंगाम पिल्लं जगली नाहीत, की जात संपते. बाहेरून नव्या जोड्या येत राहिल्या तरच ती तूट भरून निघते.

पंख असणाऱ्याला कसली आडकाठी, असं वाटतं. बारो कोलोरॅडोभोवतीच्या त्याच कालव्याच्या तलावात शास्त्रज्ञांनी जंगलातले पक्षी बोटीतून सोडून पाहिले. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही जातींना १०० मीटर पाणीसुद्धा ओलांडता आलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या सावलीत, फांदीवरून फांदीवर राहिलेल्या पंखांना लांबची झेप झेपत नाही.

आपल्याकडचे सातभाई बघा. आखूड पंखांचे, थव्याने झुडपाझुडपातून पुढे सरकणारे. बांधावर बोरी-बाभळी असल्या की त्यांची वाट चालू राहते. उलट चातक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून पावसाच्या तोंडावर येतो. पण तो अंडी घालतो ती सातभाईंच्या घरट्यात! हजारो किलोमीटर उडणाऱ्याचं पिल्लू बांधावरच्या झुडपाच्या भरवशावर वाढतं. पक्षिनिरीक्षणातली इतकी विलक्षण गोष्ट आपल्या शिवारात घडते, आणि ती पाहायला दूरच्या बेटावर जावं लागत नाही.

डिसेंबर २०२४मध्ये येडशीच्या रानात कॅमेऱ्याने वाघ टिपला. पट्ट्यांवरून तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला असल्याचं ठरलं. सुमारे ५०० किलोमीटर अंतर तो चालत आला होता. या बेटाची वाट अजून पुरती बुजलेली नाही, एवढं त्यावरून कळतं. मात्र वाघ रात्रीतून उघडं शेत पार करतो, सावलीतल्या लहान पक्ष्याला ते जमेलच असं नाही. त्याला ओढ्याकाठची सलग झाडी हवी, न पेटवलेले बांध हवेत.

आणि इथे एक काळजी घ्यायला हवी. जोडायचं म्हणून सगळ्या माळावर झाडं लावत सुटणं हा घात ठरेल. धाविक, चंडोल, पखुर्डी हे उघड्या माळाचेच रहिवासी. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालं ते गवताळ माळ वाचवायलाच. रोपं लावायची तर ओढ्याला आणि बांधाला लावावीत, माळाला त्याचं गवत राहू द्यावं. येडशीला दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांनीही अभयारण्याच्या आतच थांबू नये. हद्दीबाहेरच्या ओढ्याने चालत जावं आणि रानातले पक्षी कुठपर्यंत भेटतात, कुठे थांबतात, ते दर ऋतूत लिहून ठेवावं. झाडी कुठे सांधायची हे त्या वह्यांवरून ठरवता येईल.