बालकाचे वय आणि आरोग्याची पारख

बेंगळुरूच्या जुन्या किल्ल्याच्या परिसरात, व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या शेजारी, स्त्रिया व बालके यांच्यासाठी १९३५ साली सुरू झालेले वाणीविलास रुग्णालय आहे. पुत्र अज्ञान असताना १८९५ ते १९०२ पर्यंत म्हैसूर संस्थानचा कारभार पाहणाऱ्या महाराणींचे नाव त्यास दिलेले आहे. ह्या बहुभाषी शहरात कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या माता मुलांना घेऊन रुग्णालयांत येतात. तान्ह्या मुलाला मात्र ह्यांपैकी एकही भाषा येत नाही. त्याचे दुखणे त्याच्या श्वासावरून, हालचालीवरून आणि वजनावरून ओळखावे लागते. ही ओळख पटविण्याचे काम बहुधा प्रथम परिचारिकेकडे येते.

मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे, हा ह्या विद्येचा पहिला धडा होय. निरोगी प्रौढाची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणपणे ६० ते १०० ठोके देते. नवजात अर्भकाच्या हृदयाचे १२० ते १६० ठोके पडत असले, तरी ते निरोगी असू शकते. श्वासाचेही तसेच आहे. अर्भकाच्या शरीराला वजनाच्या मानाने प्राणवायू अधिक लागतो. परंतु त्याच्या बरगड्या जवळजवळ आडव्या असल्यामुळे छाती फारशी फुगू शकत नाही. म्हणून श्वास खोल घेण्याऐवजी ते तो जलद घेते. न्यूमोनियाने फुप्फुसे ताठर झाली, म्हणजे ही गती आणखी वाढते.

किती वाढली म्हणजे धोका समजावा, हे वयावर अवलंबून आहे. दोन महिन्यांच्या आतील अर्भकाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतील बालकाचा ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाचा ४० किंवा अधिक असल्यास तो जलद मानतात. अर्भकाचा श्वास क्षणभर थांबून पुन्हा चालू होतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चौपट करणे फसवे ठरते. श्वास पूर्ण एक मिनिट, आणि मूल शांत असताना मोजावा. अगदी लहान अर्भकात संख्या ६० वर गेल्यास पुन्हा मोजून खात्री करावी.

एवढ्या साध्या मोजणीने किती प्राण वाचू शकतात, हे महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ ह्या संस्थेने खेड्यांतील कार्यकर्त्यांना व दायांना बालकांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. अधिक अंक मोजता न येणाऱ्या दायांसाठी वाळूचे घड्याळ व मणी असलेले एक साधन करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्यापर्यंत पोचले, तर न्यूमोनिया समजावयाचा. ह्या प्रयोगाने न्यूमोनियामुळे होणारे बालमृत्यू लक्षणीय प्रमाणात घटल्याचे १९९० साली प्रसिद्ध झाले.

श्वासाखालोखाल महत्त्व वाढीचे. जन्मवेळचे वजन सुमारे पाच महिन्यांत दुप्पट व वर्षाच्या अखेरीस तिप्पट व्हावे. दोन वर्षांपर्यंत मुलाची लांबी निजवून, त्यापुढे उंची उभे करून मोजतात. सहा महिने ते पाच वर्षे ह्या काळात दंडाचा घेर फारसा बदलत नाही. म्हणून एका फितीने सर्वांची पारख होते. तो ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास कुपोषण तीव्र समजावे. मूल साधारणतः दोन महिन्यांचे झाले म्हणजे हसून प्रतिसाद देते, पुढे आधाराविना बसू लागते, आणि बहुतेक मुले दीड वर्षाच्या आत चालू लागतात. टाळू साधारणपणे दीड वर्षापर्यंत भरून येते; त्याआधी ती खोल गेलेली दिसल्यास शरीरातील पाणी घटल्याची शंका घ्यावी.

तपासणीचा क्रमही वयाप्रमाणे ठरतो. तान्ह्याला प्रथम केवळ पाहावे, मग श्वास मोजावा. रडू येईल असे घसा व कान यांचे परीक्षण शेवटी ठेवावे. दोनतीन वर्षांच्या मुलास आईच्या मांडीवरच तपासावे. शाळेत जाणाऱ्या मुलास काय करणार ते आधी सांगावे व प्रश्न त्यालाच विचारावेत. किशोरवयीनांच्या संकोचाचा मान राखून त्यांच्याशी एकांतात बोलण्याची संधी द्यावी.

परंतु काही चिन्हे अशी आहेत की, ती दिसताच कोष्टकांची वाट पाहू नये. मूल अंगावर पीत नाही किंवा पाणी घेत नाही, घेतलेले सारे ओकते, त्याला झटके येतात, ते निपचित पडते, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, ह्यांपैकी एकही चिन्ह आढळल्यास त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. ही चिन्हे ओळखण्यास यंत्र लागत नाही. माता, शिक्षक व शेजारी ह्या सर्वांना ती ठाऊक असावयास हवीत.