माल्टचा डबा आणि घरची नाचणी

पगारवाढीचे मागणीपत्रक तयार करताना आम्ही कामगारांकडून घरखर्चाच्या याद्या मागवितो. १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचा जो हिशेब घालून दिला, तो मुळात अन्नाचाच हिशेब आहे. कुन्नूरच्या आहार प्रयोगशाळेत काम केलेल्या डॉ. ऍक्रॉइड यांच्या मोजमापाप्रमाणे मिळवत्या माणसाला २,७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, वगैरे. त्या याद्या वाचता वाचता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चॉकलेटी माल्ट पावडरचा डबा बहुतेक घरांत आहे. पण तो किराण्याखाली लिहिलेला नसतो. कोणी तो ‘औषधपाणी’ ह्या सदरात घालतो, कोणी ‘मुलांची शक्ती’ असे लिहितो. डाळ पावशेराने कमी होईल, पण डबा सुटणार नाही. म्हणून त्या डब्यात असते काय आणि घरी काय करता येते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेले धान्य. दाणा भिजला की तो जागा होतो. आत साठविलेला पिष्टमय भाग रोपट्याला जसाच्या तसा उपयोगी नसतो. तो विरघळणाऱ्या साखरेत बदलावा लागतो. त्यासाठी दाणा स्वतःच एक पाचकद्रव्य तयार करतो. १८३३ साली पाय्यां आणि पेर्सो ह्या दोघा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी हे द्रव्य सातूच्या माल्टमधून वेगळे काढले व त्याला ‘डायास्टेज’ हे नाव दिले. मोड आलेले धान्य गोडसर लागते व पचावयास हलके होते, त्याचे कारण हे.

ह्याच गुणावर पुढे कारखाने उभे राहिले. हॉर्लिक ह्या इंग्रज बंधूंनी अमेरिकेतील रासीन गावी माल्ट व दूध एकत्र वाळविले आणि १८८३ साली त्याचे पेटंट घेतले; तान्ही मुले व आजारी माणसे हे त्यांचे गिऱ्हाईक. १९०४ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे वांडर ह्यांनी ओव्होमाल्टिन बाजारात आणले. तेच इंग्रजांचे ओव्हल्टिन. बोर्नव्हिटाचे नाव बर्मिंगहॅमजवळच्या बोर्नव्हिल ह्या कारखान्याच्या वसाहतीवरून पडले. कारखान्यात माल्ट व पीठ कोमट पाण्यात ठेवून आधीच गोड काढा करतात, तो आटवितात, दूध व कोको घालून निर्वात भट्टीत फुलवून वाळवितात. म्हणून ती पावडर दुधात नुसती ढवळली तरी चालते. ही सोय खरी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. कोणाला रात्रपाळीहून आल्यावर चुलीपाशी उभे राहवत नाही, हे मी जाणतो.

तक्रार आहे ती साखरेची आणि ‘शक्ती’ ह्या शब्दाची. डब्याच्या मागची बारीक अक्षरे वाचा. कित्येक डब्यांत तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसती साखर निघते, आणि वरून घरी आणखी एक चमचा पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की अशी साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा लहान चमचे. मुलांना त्याहून कमी. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना कळविले की बोर्नव्हिटा व तत्सम पेये ‘हेल्थ ड्रिंक’ ह्या सदरातून काढावीत; कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात अशा पेयाची व्याख्याच नाही. इतकी वर्षे आपण एका व्याख्या नसलेल्या मालाचे पैसे मोजले!

आता घरची कृती. सातू आपल्याकडे सहजी मिळत नाही. त्याची गरजही नाही. नाचणी ह्या कामाला उत्तम. तिच्या मोडात पाचकद्रव्य चांगले असते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास चुना, म्हणजे कॅल्शियम, असते. गव्हात त्याच्या पाव हिश्शाइतकेही नाही. कोणी विचारील, हे आमचे जुने नाचणीचे सत्त्वच नव्हे काय? पूर्ण नव्हे. सत्त्व करताना आपण वाटलेली नाचणी फडक्यातून गाळतो, निवळ पाणी ओततो व तळचा साका वाळवितो. तान्ह्या बाळासाठी ते ठीक. पण कॅल्शियमचा मोठा भाग दाण्याच्या सालीत असतो, तो चोथ्याबरोबर जातो. आपल्याला येथे काही गाळावयाचे नाही.

नाचणी निवडून, रोळून घ्यावी. तिच्यात वाळू फार. दहा-बारा तास भिजवावी, मध्ये एकदा पाणी बदलावे. मग ओल्या फडक्यात बांधून दीड-दोन दिवस ठेवावी, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडावे. मोड दाण्याहून थोडे लांब झाले की पातळ पसरून कडक उन्हात वाळवावी. दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे. व्याख्यानमालेचे दिवस म्हणजे वाळवणाचेच दिवस, तेव्हा हे काम आताच उरकावे. पावसाळ्यात दाणे ओले राहून बुरशी धरतात, आणि बुरशीचा वास आलेला माल मोह न धरता टाकावा. वाळलेले दाणे तळहातावर चोळून मोड पाखडून टाकावेत.

पुढची पायरी महत्त्वाची, कारण येथे दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. खमंगपणा भाजल्याने येतो, पण जास्त आचेने पाचकद्रव्य मरते. म्हणून दाण्यांचे चार भाग करा. तीन भाग मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा. चौथा तसाच उन्हात वाळलेला ठेवा. सगळे एकत्र करून गिरणीतून बारीक दळून आणा. (गिरणी म्हणजे पिठाची. माझ्या तोंडी हा शब्द आला की लोक संपाची वाट पाहतात.) न भाजलेला तो एक भाग बाकीच्या तिघांचे काम करून देतो.

अर्धा किलो पिठाला ७५ ग्रॅम बिनसाखरेची कोको पूड व १०० ग्रॅम दळलेली साखर घेऊन तीनदा चाळावे. कोकोत स्निग्धांश असल्यामुळे गुठळ्या राहतात. गूळ बरणीत ओल धरतो व उकळत्या दुधात कधी कधी दूध फाटवितो. तो घालावयाचा तर पेय चुलीवरून उतरवल्यावर घालावा. गूळ साखरेहून निर्दोष आहे असे मात्र समजू नये. कोको आपल्याच देशात नारळी-पोफळीच्या सावलीत पिकतो. कर्नाटक-केरळातील सुपारी बागायतदारांनी १९७३ साली ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था काढली आणि १९८६ साली पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. सहकाराची थट्टा करणाऱ्यांनी तो एकदा पाहून यावा.

एका पेल्याला २० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे भरलेले चमचे. अर्धा पेला गार पाण्यात कालवून मंद तापवावे. बोटाला चटका बसू लागला, पण उकळी दूर आहे, अशा वेळी खाली उतरवून दहा मिनिटे झाकून ठेवावे. ह्या दहा मिनिटांत पेज पातळ होते व किंचित गोड होते. मग अर्धा पेला दूध घालून चांगली उकळी आणावी. उन्हात वाळविलेल्या मोडाच्या पिठात जंतू असू शकतात, म्हणून हे पीठ दुधात नुसते ढवळून कधीही पिऊ नये. अशा पेल्यात घातलेली साखर तीन ग्रॅम भरते. तिसरा हिस्सा साखर असलेल्या तेवढ्याच विकतच्या पावडरमध्ये जवळजवळ सात. वरच्या मापात तेहतीस पेले निघतात.

ह्यात कारखान्याने वरून घातलेली जीवनसत्त्वे नाहीत, आणि लोहासाठी तर ह्यावर मुळीच विसंबू नये. नाचणी व कोको दोहोंतील तुरट द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. पंडुरोग असलेल्या मुलाला डॉक्टरकडेच न्यावे, आणि पेय जेवणाबरोबर न देता मधल्या वेळी द्यावे. वर्षाच्या आतील मुलाला कोको नको. मधुमेह्याने हे पेय साखर न घालताही गोडच समजावे, कारण ती गोडी धान्याच्याच साखरेची असते.

नाचणी न मिळाल्यास गहू चालतो. मोड आणावयास एक दिवस पुरतो. ज्वारी मात्र घेऊ नये. कोवळ्या ज्वारीच्या शेतात शिरलेले जनावर विषबाधेने मरते हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. त्याच विषाचे मूळ द्रव्य ज्वारीच्या मोडात असते. पीठ कोरड्या काचेच्या बरणीत भरून महिन्याच्या आत संपवावे, आणि चमचा ओला घालू नये.