कोंबडी तिरकी का बघते?

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्या पाहुण्याला आधी रस्सा आठवतो. म्हणजे कोंबडीचा विषय निघतो तो थेट ताटावरच! पण पन्हाळा, राधानगरी, भुदरगडकडच्या अंगणात हीच बाई सकाळी खुराड्यातून सुटते ती दिवसभर उकिरडा उकरत हिंडते. हिच्याशी दोस्ती होईल का? हिला काही शिकवता येईल का? का नाही येणार? याच कोल्हापुरात छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात चित्ते शिकवून काळवीटांच्या शिकारीला नेत असत. त्या मानाने कोंबडी म्हणजे अगदीच घरचं काम.

आधी तिच्याकडे नीट बघा. ती तुमच्याकडे सरळ बघतच नाही. मान वाकडी करून एका डोळ्याने बघते, मग वळून दुसऱ्याने. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात आणि त्यांनी कामं चक्क वाटून घेतलेली असतात. पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसून आलंय, की दाणा कुठला आणि खडा कुठला हे निवडण्यात उजवा डोळा तरबेज असतो. वरून घार तर येत नाही ना, याची राखण करण्यात डावा पटाईत.

आता खरी गंमत ऐका. ही वाटणी अंड्यातच ठरते! पिल्लू 21 दिवसांनी बाहेर येतं. त्याआधीचे शेवटचे काही दिवस ते आत असं मुडपून बसलेलं असतं, की डावा डोळा स्वतःच्याच अंगाखाली झाकला जातो आणि उजवा कवचाकडे राहतो. कवचातून झिरपणारा उजेड फक्त उजव्या डोळ्याला मिळतो. खुडूक कोंबडी अधूनमधून दाणापाण्यासाठी उठते, तेवढ्या वेळात पडलेला उजेडही पुरतो. शास्त्रज्ञांनी काही अंडी पूर्ण अंधारात उबवून बघितली, तर त्या पिल्लांच्या डोळ्यांत दाणे निवडण्याची ही वाटणी झालेलीच नव्हती.

हे कळलं, की कोंबडी आपल्याला का घाबरते तेही कळतं. आपण काय करतो? उभे राहतो, वाकतो आणि वरून हात घालतो. तिच्या हिशेबात वरून येणारी सावली म्हणजे घार. घरात पाळली म्हणून ही भीती जात नाही, कारण ती मुळात रानातली. दाजीपूरच्या जंगलात राखी रानकोंबडा असतो. माणसाची चाहूल लागली, की झुडपात पसार. तो आपल्या कोंबडीचा लांबचा नातलग. तुमच्या कोंबडीचे पाय पिवळे आहेत का? तो पिवळेपणा या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असं 2008 साली जनुकं तपासून सिद्ध झालं. बाकी बराचसा वारसा तांबड्या रानकोंबड्याचा.

तर दोस्तीचा पहिला धडा: खाली बसा. तळहातावर तांदळाची कणी घ्या, हात जमिनीला टेकवा आणि गप्प राहा. तिला येऊ द्या. पहिल्या दिवशी नाही आली तर नाही आली. रोज त्याच वेळी, तीच हाक मारून बसलात, की ती हाक ऐकून धावत येईल. रात्री खुराड्यातून उचलून लाड करायला जाऊ नका. अंधारात तिला धड दिसत नाही, म्हणून ती पळत नाही एवढंच. घरची मोठी माणसं कोंबडी पकडायला रात्रच निवडतात ते उगीच नाही.

मग शिकवणी. एक लाल झाकण जमिनीवर ठेवा. तिने त्यावर टोच मारली, की लगेच, अगदी त्या क्षणी, जिभेने 'टक' असा आवाज करा आणि एक दाणा द्या. उशिरा दिलात तर दाणा कशाबद्दल मिळाला ते तिला कळत नाही. झाकणाचं जमलं, की शेजारी निळं ठेवा, पण दाणा लालवरच द्या. कोंबडीला रंग आपल्याहून जास्त दिसतात, अतिनील प्रकाशसुद्धा! त्यामुळे हा पेपर तिला सोपा जातो.

अमेरिकेत केलर आणि मॅरियन ब्रेलंड या जोडप्याने याच युक्तीने कोंबड्यांना नाचायला, खेळण्यातला पियानो वाजवायला शिकवलं. 1955 साली त्यांनी हॉट स्प्रिंग्ज गावात 'आयक्यू झू' काढलं. त्यांची एक कोंबडी माणसांशी फुली-गोळा खेळायची आणि बहुतेक हरायची नाही. नाद खुळा! पण आतली गोष्ट सांगू? डाव यंत्र ठरवायचं. कोंबडी फक्त आतला दिवा लागला, की टोच मारायची. मला तरी यात कोंबडीचीच हुशारी जास्त वाटते. एवढी गर्दी समोर असताना आपलं काम न चुकता करणं सोपं नाही.

दोन गोष्टी मात्र पाळा. कोंबडी एकटी पाळू नका. ती कळपातली आहे, निदान दोघी-तिघी हव्यात. आणि तिला हाताळून झालं, की साबणाने हात धुवा. तिच्या अंगावर, विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, त्यामुळे पापी घेणं तर नकोच.