मुंग्यांच्या पहाऱ्यातलं निळं कुळ

शिरूर कासारच्या परिसरात फुलपाखरं बघायची तर बागा शोधत बसू नये, बांधावरची बोर-बाभूळ गाठावी. पावसाळा सरता सरता सिंदफणेच्या काठानं या काटेरी झाडांभोवती नखाएवढी करडी-निळसर फुलपाखरं भिरभिरत असतात. मोठ्या फुलपाखरांची ही पिल्लं, असा अनेकांचा समज असतो. पण पंख फुटल्यावर फुलपाखरू वाढत नाही. ही पूर्ण वाढलेलीच असतात. ती लायसेनिडी कुळातली. जगात फुलपाखरांच्या साधारण १८,००० जाती आहेत, त्यांतल्या ५,००० हून अधिक या एकाच कुळात. निम्फॅलिडीच्या खालोखाल मोठं कुळ हेच.

इंग्रजीत यातल्या बऱ्याच जणांना 'ब्लू' म्हणतात, तरी निळा रंग बहुधा नराच्या पंखांच्या वरच्या बाजूलाच. तोही रंगद्रव्याचा नव्हे. खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन दिसणारा. पंख मिटले की उरतात राखाडी ठिपके. अनेक जातींत मागच्या पंखाला केसासारखी शेपटी आणि तिच्या बुडाशी काळा डोळा असतो. बसल्या बसल्या हे फुलपाखरू मागचे पंख एकमेकांवर घासतं, शेपट्या मिशांसारख्या हलतात आणि सरडा नेमकी चुकीच्या टोकाला झडप घालतो. मागचा तुकडा तुटलेली फुलपाखरं म्हणूनच पुष्कळ दिसतात. ओळखीची आणखी एक खूण पायांत आहे. निम्फॅलिडीत नर-मादी दोघांचेही पुढचे पाय आखूड, चालायला निरुपयोगी. इथं मादीचे सहाही पाय धड, नराच्या पुढच्या पायांचे पंजे मात्र खुरटलेले.

पण या कुळाची खरी गंमत पंखांत नाहीच, ती अळीत आहे. अळी चपटी, जाड कातडीची, डोकं अंगाखाली दडवलेली. पाठीवर शेपटाकडे एक ग्रंथी असते. मुंगीनं मिशांनी थापटलं की तिथून गोड थेंब पाझरतो. त्या ग्रंथीच्या मागं दोन बारीक शुंडं फटकन बाहेर येतात नि मुंग्या सावध होतात. मोबदल्यात त्या परजीवी गांधीलमाश्यांना अळीच्या जवळ फिरकू देत नाहीत. कारवारला राहिलेले वनाधिकारी टी. आर. बेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा अळ्या पाळून पाहिल्या आणि त्यांच्या नोंदी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आल्या. बोरीवरच्या 'कॉमन सिल्व्हरलाइन'ची अळी तर पोट उंचावून धावणाऱ्या काळ्या मुंग्यांच्या सोबतीनंच वाढते.

सगळीच मंडळी अशी शाकाहारी नाहीत. 'एपफ्लाय'ची अळी पिठ्या ढेकूण खाते आणि त्यांचीच पांढरी भुकटी अंगावर वागवते. तिच्या कोषावर हुबेहूब माकडाचं तोंड दिसतं. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हा मित्रच. याच कुळातली डाळिंबावरची सुरसा अळी मात्र वैरी. फळात शिरून ती दाणे खाते, आपल्या चपट्या मागच्या टोकानं भोक बुजवते आणि पोखरलेलं फळ गळून पडू नये म्हणून बाहेर येऊन देठ रेशमानं फांदीला बांधून ठेवते. शेतकऱ्यानं तिला शिव्या घालाव्यात हे रास्तच, पण कारागिरीला दाद द्यावीच लागते.

एवढ्या विविध सवयींच्या कुळाचं वर्गीकरण सोपं कसं असेल? विल्यम लीच यांनी १८१५ साली कुळ नोंदवलं. १९७३ मध्ये जॉन इलियट या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं त्याची सविस्तर मांडणी केली आणि निबंधाच्या शीर्षकातच ती 'तात्पुरती' असल्याचं सांगून टाकलं. तो शहाणपणा होता. पूर्वी काही जण ज्यांना याच कुळात धरत, ते रायोडिनिडी आज वेगळं कुळ मानलं जातं, आणि डीएनएच्या अभ्यासानंतर उपकुळांच्या सीमा अजूनही सरकताहेत. आज साधारण सात उपकुळं धरतात. बाभळीवरचा 'बाबूल ब्लू' पॉलिओमॅटिनीत, सुरसा थेक्लिनीत, सिल्व्हरलाइन ॲफ्निनीत, एपफ्लाय मिलेटिनीत, तर करंजावर वाढणारा, पंखांची खालची बाजू चांदीसारखी असलेला 'इंडियन सनबीम' क्युरेटिनीत.

तूर फुलोऱ्यात आली की कळ्यांवर घुटमळणाऱ्या मुंग्यांकडे नीट बघा. जवळची एखादी कळी उलगडली तर आत चपटी, हिरवट अळी सापडू शकते. तिला सरसकट घाटेअळी म्हणून मोकळं होतात, पण ती 'पी ब्लू'ची असण्याची शक्यता बरीच. घाटेअळीच्या भोवती मुंग्या अशा राखणीला बसत नाहीत.