मोटारीच्या रंगाची झळाळी : किती घासावे, कोठे थांबावे

मोटारीचा रंग चार-पाच वर्षांत निस्तेज झाला की बहुतेक मालक त्याचा दोष उन्हाला देतात. ऊन सर्वस्वी निर्दोष नाही. तथापि आपल्याकडे या ऱ्हासात मोठा वाटा असतो तो रोज सकाळी धुळीवरून फिरणाऱ्या कोरड्या फडक्याचा. धुळीतील वाळूचे कण फडक्याखाली सापडून पृष्ठभागावर बारीक ओरखडे पाडतात आणि उन्हात पाहिले असता ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. हे ओरखडे घरच्या घरी बऱ्याच अंशी घालविता येतात. मात्र तत्पूर्वी रंगाची रचना समजून घेणे अगत्याचे आहे.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी मांडणी असते. या सर्वांची मिळून जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन. त्यांपैकी क्लिअर कोटच्या वाट्याला जेमतेम ४० ते ५० मायक्रॉन येतात. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड असतो! पॉलिशने ओरखडा भरून निघतो हा समज चुकीचा आहे. वस्तुतः ओरखड्याभोवतीचा थर झिजवून पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असतात. त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती म्हणजे मुद्दलातून काढलेली रक्कम होय आणि या खात्यात पुन्हा भरणा करण्याची सोय नाही.

काम सावलीत आणि पत्रा थंड असताना करावे. प्रथम भरपूर पाणी व कार शाम्पू यांनी मोटार धुवावी. नंतर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून अलगद फिरवावा; एरवी न जाणवणारा खरखरीतपणा लगेच लक्षात येतो. हा दोष रंगाचा नसून त्यावर घट्ट बसलेल्या धूलिकणांचा असतो आणि शाम्पूचे पाणी शिंपडून क्ले बार हलकेच फिरविल्यास तो जातो. अनेकदा एवढ्यानेच अर्धे काम होते. त्यानंतरच पॉलिशकडे वळावे, तेही सर्वांत सौम्य प्रकारापासून. एका कोपऱ्यात प्रयोग करून, परिणाम पाहून मगच साधारण एक फूट चौरसाचा भाग एका वेळी घ्यावा. कडा आणि उंचवटे यांवर थर पातळ असतो. तेथे चिकटपट्टी लावून ठेवणे इष्ट. फडक्यावर मोटारीचा रंग उतरू लागला तर बहुधा त्या रंगावर क्लिअर कोट नाही, किंवा तो संपला आहे, असे समजावे व हात थांबवावा. जुन्या एकेरी रंगाच्या मोटारींत मात्र हे स्वाभाविकच असते. नखाला अडकणारा ओरखडा पॉलिशने जात नाही. क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागला असेल, तर पुन्हा रंगविण्यावाचून गत्यंतर नाही.

संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल पृष्ठभाग हा निराळा प्रश्न आहे. फवाऱ्यातील थेंब एकजीव होऊन पसरण्यापूर्वीच घट्ट झाले की तो उद्भवतो. रंग दाट असणे, थिनर लवकर उडून जाणे, स्प्रे गन दूर धरणे, हवेचा दाब कमी पडणे ही त्याची नेहमीची कारणे. कारखान्यातून आलेल्या मोटारीवरही तो थोडासा असतोच. त्याला दोष मानून घासत बसणे शहाणपणाचे नव्हे. अपघातानंतर रंगविलेला दरवाजा मात्र शेजारच्या पत्र्याहून वेगळा दिसू लागतो. २००० आणि नंतर ३००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून, रबरी ठोकळ्यावर गुंडाळून घासणे आणि मग कंपाउंड व पॉलिश करणे, हा त्यावरचा प्रचलित उपाय आहे. तथापि थराची जाडी मोजणारे यंत्र हाताशी नसताना घरी तो करण्यात साहस अधिक आणि लाभ अल्प. घासण्याचा अतिरेक झाल्यास खालचा रंग उघडा पडू शकतो आणि संपूर्ण दरवाजा नव्याने रंगवावा लागतो.

विम्याच्या दाव्यातून काम झाले असल्यास समाधानपत्रावर सही करण्यापूर्वीच ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दोन्ही पत्र्यांवर पाहावे. एकावर रेषा सरळ आणि दुसऱ्यावर तुटक दिसल्यास तेथेच दुरुस्ती मागावी. नव्या रंगावर साधारणतः पहिला महिनाभर मेण लावू नये. आतील द्रावक पूर्णपणे उडून जाण्यास तेवढा अवधी द्यावा लागतो.