‘ताल अंगातच नाही’ म्हणजे नेमकं काय?

इथे नेदरलँड्समध्ये, न्यूनेन आणि शेजारच्या आइंडहोव्हनमध्ये आता मराठी घरं बरीच झाली आहेत. गणपतीच्या आधी लेझीमचा सराव सुरू झाला की एक वाक्य ठरलेलं: "याला तालच नाही हो, अंगातच नाही." तेही मुलाच्या देखत! एवढ्यावरून पोराचा तबला बंद करणारे पालक पाहिले की मनापासून राग येतो, कारण हे धादांत चूक आहे.

२००९ साली हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाचे हेन्कयान होनिंग त्यात होते. दोन-तीन दिवसांच्या १४ बाळांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना झोपेत ड्रमचा ठेका ऐकवला. पहिला, वजनदार ठोका मध्येच गाळला की बाळाच्या मेंदूतली लहर बदलायची. दुसरा एखादा गाळला तर तशी बदलत नसे. म्हणजे बाळ त्या ठोक्याची वाट पाहत होतं. आपण समेची पाहतो, तशीच. निष्कर्षावर शंका आल्या, तेव्हा २०२३ मध्ये २७ बाळांवर, ठोक्यांमधलं अंतर मुद्दाम विस्कटूनही, पुन्हा तपासणी झाली. निष्कर्ष टिकला.

मग मूल चुकतं ते का? ताल कळणं वेगळं, तो हातापायांत उतरणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला वय आणि सराव लागतो. घरी करून पाहा: मुलासोबत तीनताल हातावर धरा, एक, पाच आणि तेराला टाळी, नऊला ‘खाली’, म्हणजे टाळी नाही. चार-पाच आवर्तनं झाली की शेवटचं ‘ता धिं धिं धा’ म्हणा आणि समेवर गप्प राहा. बहुतेक मुलं चमकून तुमच्याकडे बघतात, नाहीतर तो ‘धा’ स्वतःच म्हणून टाकतात. टाळी वेडीवाकडी पडत असली तरी!

ठेका खरोखरच न पकडता येणारी माणसं आहेत, पण फार थोडी. २०११ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अशा एका तरुणाची नोंद केली. गाण्यावर त्याचा ठेका चुकायचा. मेट्रोनोमच्या सुट्या ठोक्यांवर मात्र तो बरोबर यायचा.

‘आधी ऐकतो, मग टाळी देतो’ हेही खरं नाही. सारख्या ठोक्यांवर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेकांचं बोट ठोक्याच्या काही शतांश सेकंद आधीच पडतं.

मोझार्ट ऐकवला की बाळं हुशार होतात, हेही तसंच. ज्यावरून हे सांगतात तो १९९३ चा प्रयोग बाळांवर नव्हताच. कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता, आणि परिणाम टिकला दहा-पंधरा मिनिटं.

आणि ठेका फक्त आवाजात असतो, असंही नाही. घड्याळाचे एकसारखे ठोके आपल्याला ‘टिक-टॉक’ ऐकू येतात. इथून हाकेच्या अंतरावर, आइंडहोव्हनमध्ये, लिऑन व्हान नोर्डेन यांनी १९७५ च्या प्रबंधात दाखवलं, की उंच-खालचा-उंच असे तीन स्वर आणि मग छोटासा विराम, असं सावकाश वाजवत राहिलं तर घोड्याच्या दौडीसारखी एकच लय ऐकू येते. तेच स्वर भरभर वाजवले की तिचे दोन वेगळे प्रवाह होतात.